कंपनीकडून सप्रेम भेट

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान, जाऊन आता सहा आठवडे झाले. बातमी आली ती दुपारी, मालाडला, मी जिथं कारकुनी करतो त्या शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर. बोलणारा त्यांच्या कंपनीतला कोणीतरी होता आणि त्यानं आधी मलाच विचारलं, "आपण परबांचे कोण?" म्हटलं, मेव्हणा. "नक्की ना?" "अहो, नक्की!" तेव्हा कुठं त्यानं पुढचं सांगितलं. पुरती ओळख पटल्याशिवाय बातमीसुद्धा पलीकडे सोडायची नाही... ही शिस्त त्या कंपनीला कोणी लावली असेल तर ती भावोजींनीच. झालं होतं असं, की कॅन्टीनचा भाजीचा टेम्पो मागच्या गेटवर आला, त्यानं हॉर्न दिला आणि गेट उघडलं नाही. पुन्हा दिला, तरी नाही. टेम्पोवाला शिव्या घालत उतरला, फटीतून आत डोकावला, तर भावोजी खुर्चीत बसलेले, टोपी सरळ, मांडीवर रजिस्टर उघडं. आठ वर्षांत त्या हॉर्नला गेट उघडलं नाही असं पहिल्यांदाच घडलं. म्हणून तर कळलं.

त्याच्या तीनच आठवडे आधी आम्ही भेटलो होतो, मुलुंडला, एका लग्नात. जेवणं झाली, पान जमलं, आणि नेहमीसारखी फर्माईश आली, "बाळू, ती साहेबाची गोष्ट होऊ दे!" अठ्ठेचाळीस वर्षांचा, डोक्यावर मोजून सांगता येतील इतके केस उरलेला मी आमच्या घराण्यात अजून बाळूच आहे. नातेवाइकांत कोणी पेटी वाजवतो, कोणी पत्रिका बघतो, मी गोष्टी सांगतो. खरं म्हणजे गोष्टी नाहीत, गोष्ट. देवानं मला आयुष्यात एकच चांगली गोष्ट दिली आणि ती मी बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे वापरली. गोष्ट भावोजींची. ते तिथंच कोपऱ्यात बसलेले असायचे, हसू यायच्या जागी हसायचे, आणि शेवट झाला की मान खाली घालून सुपारी कातरायला लागायचे. लोक म्हणायचे, बघा किती लाजतायत! त्या दिवशीही तसंच झालं. निघताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू सांगतंस तेव्हा बरा वाटता रे ऐकूक." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. आता सांगून टाकतो... त्या गोष्टीचा शेवट खोटा आहे. तो मी रचलेला आहे, आणि ते त्यांना आणि मला दोघांनाच माहीत होतं. निदान मी तरी असं धरून चाललो होतो.

भावोजी कणकवलीकडचे. मुंबईत आले ते गिरणीत बदली कामगार म्हणून. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटाबाहेर उभं राहायचं; आतला कोणी कामावर आला नसेल तर हाक येते, नाहीतर आल्या पावली परत. ताईचं त्यांच्याशी ठरत होतं तेव्हा आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, भर बैठकीत म्हणाले होते, "जो स्वतःच रोज गेटाबाहेर उभा, आत घेतील का म्हणून, त्याच्या घरात मुलगी द्यायची?" दिली शेवटी, ताईनं दोन दिवस जेवण सोडलं म्हणून. पण ते वाक्य भावोजींच्या अंगात काट्यासारखं राहिलं. पुढं त्यांना अंधेरीला मरोळच्या बाजूला एका कंपनीच्या ऑफिसवर वॉचमनची कायमची नोकरी लागली. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट, पुढं मोठं गेट आणि गेटाच्या आतल्या बाजूला भावोजी! पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ते अण्णांच्या पाया पडायला आले तेव्हा अण्णांनी विचारलं, "काम काय असतं?" भावोजी म्हणाले, "कोण आत जायचा, कोण नाय, ता मी बगतंय." एवढंच. पण काय ताठ उभे होते ते म्हणताना!

आणि खरंच ते बघायचे. स्टाफच्या दोनशे चेहऱ्यांपैकी कोणाचा भाऊ कोणासारखा दिसतो इथपर्यंत त्यांना पाठ. बाहेरचा माणूस आला की नाव, कुठून आला, कोणाला भेटायचं, हे रजिस्टरात लिहायचं, वर ऑपरेटरबाईंना फोन लावायचा, होकार आला की चिठ्ठी द्यायची, आणि जाताना ती चिठ्ठी साहेबाच्या सहीसकट परत घ्यायची. तोपर्यंत बाकावर बसायचं. बाक आणि पाण्याचा माठ. घाटकोपरला त्यांच्या खोलीवर मी गेलो तरी दाराच्या फटीतून मला नीट बघून झाल्यावर विचारायचे, "कोण?" मी म्हणायचो, "भावोजी, दिसतंय ना तुम्हाला!" "दिसता रे. पण नाव सांगूक काय जाता?" ताई आतून ओरडायची, "अहो, घ्या त्याला आत, बाकावर बसवू नका!"

मग एकदा वरच्या मजल्यावरचा एक टाइपरायटर चोरीला गेला आणि कंपनीनं सगळ्यांना फोटोची कार्डं दिली. गेटवर लेखी हुकूम आला, कार्डाशिवाय कोणालाही आत सोडू नये, मग ती व्यक्ती कोणीही असो. भावोजींना हा 'कोणीही असो' फार आवडला. सातवीपर्यंत शिकलेले, त्यांनी तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवला आणि येताजाता वाचायचे. त्यानंतर आठच दिवसांनी मालकांचे चिरंजीव, छोटे साहेब, चालत आले. परदेशातून नुकतेच आलेले, एरवी काळ्या काचांच्या गाडीतून थेट पोर्चमध्ये जायचे. गेटाला गाडी ओळखीची, माणूस नाही. त्या दिवशी गाडी नाक्यावर बंद पडली. घामाघूम, कोट खांद्यावर, बाह्या वर केलेल्या.

"कार्ड?" भावोजी.

"अरे, मी आतलाच आहे."

"कार्ड?"

"ही कंपनी आमची आहे!"

"सगळे तसंच म्हणतात साहेब. काल युनियनवालेपण हेच म्हणत होते. कोणाला भेटायचं?"

छोट्या साहेबांनी रागारागानं स्वतःचंच नाव सांगितलं. भावोजींनी ते रजिस्टरात व्यवस्थित लिहिलं, वर फोन लावला, छोटे साहेब आलेत काय? बाई म्हणाल्या, अजून नाही आले. भावोजींनी फोन ठेवला. "साहेब अजून आलेले नाहीत. बसा बाकावर. आले की सोडतो." आणि माणूस बसला हो! स्वतःची वाट बघत, माठातलं पाणी पीत, वीस मिनिटं!

इथपर्यंत गोष्ट अक्षरशः खरी आहे. माझ्या आवृत्तीत पुढं मॅनेजर धावत येतात, सगळ्यांची पाचावर धारण बसते, आणि छोटे साहेब उठून भावोजींच्या खांद्यावर हात ठेवतात. "परब, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही घरी निर्धास्त असतो!" मग एक बोट वर करून मी आवाज खाली आणायचो... आणि बक्षीस म्हणून घड्याळ. इथं सगळे टाळ्या वाजवायचे.

खरं झालं ते एवढंच, की वरून कोणीतरी खाली आलं, त्यानं ओळखलं आणि छोटे साहेब काही न बोलता वर गेले. कोणी ओरडलं नाही. साडेतीनला वरून चिठ्ठी आली, परब उद्यापासून मागच्या गेटवर. मागचं गेट म्हणजे कॅन्टीनची भाजी आत, कॅन्टीनचा कचरा बाहेर. आणि पुढच्याच आठवड्यात नवा हुकूम लागला, साहेब लोकांना कार्ड लागणार नाही. 'कोणीही असो' गाळून ही एक ओळ जोडली, बाकीचा मजकूर तोच.

त्या दिवशी ड्युटी सुटल्यावर भावोजी घरी न जाता माझ्याकडे आले, मालाडला, शाळेत. ऑफिसच्या बाहेर पालकांसाठी बाक असतो त्यावर बसून राहिले. शिपायानं सांगितलं म्हणून मला कळलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माजा काय चुकला रे, बाळू?"

आता बघा, ह्या प्रश्नाला उत्तर किती सोपं होतं. पण मी कोण, घराण्याचा विनोदी माणूस! समोरचा रडेल अशी शंका आली की माझ्या तोंडातून विनोद निसटतो, जशी काही जणांना घाबरल्यावर उचकी लागते. मी म्हटलं, "भावोजी, तुमचं एकच चुकलं. साहेबाला नुसतं पाणी दिलंत, चहा विचारला नाहीत!" ते हसले. हसले, आणि मला वाटलं झालं काम. उठताना म्हणाले, "सुमनाक सांगू नको. अण्णांक तर मुळीच नको."

मी नाहीच सांगितलं. पण महिन्याभरानं त्यांच्या चाळीत सत्यनारायण होता, सगळे जमलेले, आणि शेजारचे एक गृहस्थ प्रसाद खाता खाता सहज म्हणाले, "परब, परवा तुमच्या कंपनीवरून गेलो, पुढच्या गेटवर दुसराच कोणी होता." अण्णांनी वर बघितलं. नुसतं बघितलं. भावोजींच्या हातातला द्रोण तसाच राहिला. आणि माझी जीभ सुटली. "अहो, ते पुढं दिसतील कसे? मागची आख्खी बाजू सोपवलीय त्यांच्याकडे! तुम्हाला माहीतच नाही?" मग ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली. साहेब आले, बाकावर बसले, खांद्यावर हात... लोक हसत होते, अण्णासुद्धा हसत होते, आणि मला काही आवरेना, जोशात मी म्हणून गेलो, "साहेबांनी घड्याळ दिलं, घड्याळ!"

"कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"नाव घालायला टाकलंय. रविवारी येईल."

झालं! आता घड्याळ आणणं आलं. शनिवारी आम्ही दोघं घाटकोपरच्या बाजारात गेलो. किल्लीचं, लोलकाचं, भिंतीवरचं घड्याळ पसंत केलं. त्याला लावायला पितळी पट्टी घेतली आणि त्यावर अक्षरं कोण घालणार म्हणून भांड्यांच्या दुकानाबाहेर छिन्नी-हातोडी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो, जो लग्नाच्या भांड्यांवर नावं घालतो. त्यानं चष्म्यावरून विचारलं, "कोणाकडून, कोणाला?" मी कंपनीचं नाव सांगणार, एवढ्यात भावोजींनी माझा हात धरला. "कंपनीचा नाव खोटा घालूचा नाय." मी म्हटलं, अहो, सगळंच खोटं आहे, त्यात एवढ्यानं काय होतंय? "नाय. नुसता 'कंपनी' लिव." शेवटी म्हाताऱ्यानं आयुष्यभर जे लिहिलं तेच ठोकलं, 'श्री. दत्ताराम परब यांस कंपनीकडून सप्रेम भेट', आणि मजकूर संपला तिथं सवयीनं पाच ठिपक्यांचं एक फूल काढलं. परतताना मी म्हटलं, "झकास झालं!" भावोजी घड्याळ छातीशी धरून चालत होते, तान्हं मूल धरावं तसे.

पुढं दोन वर्षांनी अण्णा गेले, जावयाचा अभिमान बाळगून गेले. म्हणजे ज्यांच्यासाठी थाप मारली ते गेले आणि थाप राहिली. कंपनीतल्या युनियनचा माणूस भावोजींना म्हणाला होता, परब, अर्ज द्या, तुमची काही चूक नाही, आपण भांडू. त्यांनी दिला नाही. अर्जाचं उत्तर घरच्या पत्त्यावर आलं असतं ना! घरी तर ते साहेबांचे लाडके. मला अधूनमधून विचारायचे, एकटं गाठून, "पण बाळू, चुकला काय?" एकदा मी म्हटलं, तुमचं नशीब चुकलं. एकदा म्हटलं, साहेबाची गाडी चुकली. प्रत्येक वेळी नवा विनोद, मी काय कमी हुशार! चौथ्या-पाचव्या खेपेनंतर त्यांनी विचारणं सोडलं.

ते गेल्यावर त्यांच्या वस्तू आणायला मी कंपनीत गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदाच. पुढच्या गेटवर आता एजन्सीचे गणवेशवाले आहेत. मिश्या पांढऱ्या झालेल्या एका वॉचमननं माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं, नाव, कुठून, कोणाला भेटायचं. शेवटच्या रकान्यापाशी माझा हात अडला. मी 'दत्ताराम परब' लिहिलं. त्यानं यादीवरून बोट फिरवलं. "या नावाचं इथं कोणी नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यानं मला बाकावर बसायला सांगितलं. बाक तोच असावा, माठ नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, "ते मागच्या गेटवालं असेल तर बाहेरून वळसा घालून जा. इथून आत सोडता येत नाही."

गेलो वळसा घालून. गोष्टीत मी ह्या मागच्या बाजूला टेबल दिलं होतं, डोक्यावर पंखा दिला होता, एकदा रंगात येऊन हाताखाली दोन माणसंसुद्धा दिली होती. तिथं तीन पत्र्यांचं आडोसावजा काहीतरी होतं, कॅन्टीनचं उघडं गटार आणि बसायची वीण तुटलेली खुर्ची, जिला त्यांनी जुन्या विजेच्या वायरी आडव्या-उभ्या विणून घेतल्या होत्या. डबा, छत्री, टोपी मला मिळाली. रजिस्टर कंपनीचं, ते द्यायचं नव्हतं, पण मी उभ्या उभ्या चाळलं. रोजचा भाजीचा टेम्पो, कचऱ्याची गाडी, नंबर, वेळ, आत, बाहेर. एका पानावर: 'म्हैस एक. आत ३.१०. कार्ड नाही. बाहेर ३.२५.' मला हसू फुटलं आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही...

एवढं सगळं बघून आलेला माणूस तेराव्याला काय करेल? जेवणानंतर कोणीतरी म्हणालं, बाळू, सांग रे, तेवढंच त्यांना बरं वाटेल. आणि मी सांगितली. खांद्यावर हात, निर्धास्त, घड्याळ, सगळं. लोक रडता रडता हसले. ताई उठून आत गेली.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी मागोमाग गेलो. ती फळीवरचा स्टीलचा डबा पुसत होती, तिच्या लग्नातला, अण्णांनी दिलेला. माझ्यापुढं धरला. "हे बघ."

डब्यावर तिचं नाव होतं. शेवटी पाच ठिपक्यांचं फूल.

"घरातल्या सगळ्या भांड्यांवर आहे ते," ती म्हणाली. "घड्याळ आणलंत त्याच दिवशी बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? हे स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकत होते. तू खाली उभा राहून, जरा डावीकडे, जरा डावीकडे. मला वाटलं, सांगतील आपणहून. मग अण्णा गेले, वाटलं, आता सांगतील. शर्टाला कॅन्टीनच्या गटाराचा वास यायचा रे बाळू. धुवायची मीच ना!" तिनं डबा फळीवर ठेवला. "तू प्रत्येक वेळी ती गोष्ट सांगायचास, आणि मी मनात म्हणायचे, गप्प बस, मेल्या. तू गप्प बसलास तर ते बोलतील."

मला त्या वेळी एकही विनोद सुचला नाही. आता सुचून तरी उपयोग काय म्हणा.

हा लेख लिहायला सांगितला तो भाचीनं, शैलानं. ती कॉलेजात आहे, ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. "मामा, पुरवणीत छापून येऊ दे, घड्याळासकट." मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "खरं लिहिणार असशील तर लिही. आता कोणापासून लपवायचं?" गेल्या रविवारी हे कागद घेऊन मी घाटकोपरला गेलो. दार उघडंच होतं, कोणी नाव विचारलं नाही. शैलानं खिडकीशी बसून सगळं वाचलं आणि कागद नीट रचले. मग म्हणाली, "मामा, बाबांचं चुकलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

एवढाच तर शब्द होता. आठ वर्षं झाली, आणि सांगितला तो भलत्याच माणसाला.

ती उठली, स्टूल ओढलं आणि घड्याळाला किल्ली द्यायला चढली. रविवारी द्यायची असते, भावोजी द्यायचे. ड्युटीला उशीर नको म्हणून ते घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढं ठेवायचे. शैलानं वरूनच विचारलं, "आई, वेळ बरोबर लावू का?"

"नको," आतून ताई म्हणाली. "असू दे पुढंच."

शैलानं काच लावली. पदरानं पुसावी तशी ओढणीच्या टोकानं खालची पट्टी पुसली, पहिल्या अक्षरापासून फुलापर्यंत, आणि खाली उतरली.